वीस किलोत न बसलेलं मियोक

माइन्झ, १९ जानेवारी १९९२

ताई,

मागच्या महिन्यात फोनवर तुला म्हटलं होतं की जरा थकवा आहे. तो थकवा नव्हता. मला सहा महिने पुरे झालेत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. इतके दिवस कुणालाच सांगितलं नाही, हाइनरच्या आईलासुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांना आधी सांगून बसले होते आणि मग सगळ्यांना पुन्हा एकदा कळवावं लागलं होतं. ते काम मला दुसऱ्यांदा जमलं नसतं. रागवायचंच असेल तर बाळ झाल्यावर रागव.

परवा बेटावर फोन केला. गावप्रमुखाने भोंग्यावरून पुकारा केला आणि आई धापा टाकत आली. मी सांगितलं, तर म्हणाली, "तारीख कुठली?" मी सांगितली. "मग मी येते," म्हणाली. मला इथे नर्स म्हणून येऊन सतरा वर्षं झाली. दर वर्षी मी बोलावते आणि दर वर्षी ती म्हणते, एवढा समुद्र ओलांडून मला काय करायचंय. आणि आता असं बोलली की जणू पलीकडच्या बेटावर मीठ आणायला जायचं आहे.

तिकीट सहा एप्रिलचं काढलंय, तुझ्या पत्त्यावर येईल. आता कामाचं ऐक. सामान वीस किलो. हे मी दोनदा लिहिते, वीस किलो. त्याच्यावर एक किलो झाला तरी कंपनी इतकं भाडं लावते की तेवढ्यात तिची मैत्रीणही येऊन गेली असती. आईला तू ओळखतेस. तुझ्याकडे दोन दिवसांसाठी आली तरी चार गाठोडी घेऊन उतरते. तिला समजाव की इथे तांदूळ मिळतो, मिरची मिळते, फ्रँकफर्टला सोयाबीनचं आंबवणसुद्धा मिळतं. तिने फक्त स्वतःला आणावं. हाइनर तिला पहिल्यांदा भेटणार आहे, तेव्हा निदान विमानतळावर तरी भांडण नको.

हे तुझ्यावर सोपवलं. तुझं ती ऐकते.

मालसुक


सोल, ११ फेब्रुवारी १९९२

मालसुक,

तुझं पत्र दुकानातच उघडलं. समोर एका नवरीची आई मापं द्यायला उभी होती आणि मला रडू फुटलं. त्या बिचारीला वाटलं, तिच्या कंबरेचं माप ऐकून मी रडते आहे. तिला समजावता समजावता नाकी नऊ आले. रागावले आहेच, पण तू म्हणतेस तसं ते पुढे ढकललं.

माझं आई ऐकते हे तुला कुणी सांगितलं? फोन केला तर पहिलंच वाक्य, "वीस किलोत काय येतं? तेवढं तर मी पाण्यातून ओढते, डोक्यावर घेते आणि खडक चढते."

मी म्हटलं, "आई, डोक्यावर नाही घ्यायचं. विमानात ठेवायचं."

"विमान माझ्याहून अशक्त आहे का?"

मग यादी सुरू झाली. तीन वर्षं मुरलेलं सोयाबीनचं आंबवण, मिरचीचं आंबवण, तिळाचं तेल, सुकी मासळी, बाळाच्या पांघरुणासाठी कापूस. आणि अर्थातच बाळंतिणीच्या सूपासाठी मियोक. मी म्हटलं, मालसुक म्हणते तिकडे सगळं मिळतं. त्यावर तिचा आवाज असा चढला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "माझ्या खडकावरचं मियोक मिळतं का तिकडे? अर्ध्या देशातल्या बाळंतिणी ते खाऊन उठल्या. पुसानच्या बायका माणूस पाठवून नेतात, आणि किंमत ऐकून एक शब्द काढत नाहीत. आणि माझ्या लेकीने बाळंतपणात ब्रेड चावायचा?" खरं सांगू, ती बोलते आहे ते खरंच आहे. त्रेसष्ट वर्षांची बाई जानेवारीच्या गारठ्यात लोखंडी खरवडणी घेऊन खडक घासते, उन्हाळ्यात मियोकने नीट धरावं म्हणून. हे समुद्राचं साधं शेवाळ आहे असं तिच्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

शेवटी खाली आली. "वीस किलो म्हणजे आपल्या मापाने ग्यून किती?" मी म्हटलं, मी कापड मीटरने मोजते, मला काय विचारतेस, बाजारात विचार. चार दिवसांनी तिचाच फोन. भाजीवालीला विचारलं होतं. पन्नास ग्यून होतात म्हणे. "पन्नास ग्यूनच्या वर एक काडी घेणार नाही," असं मला वचन दिलंय. आई वचन मोडत नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

जाऊन मीच बांधाबांध करून दिली असती, पण जमत नाही. तीन उन्हाळे झाले बेटावर गेले नाही. मियोक कापायचे दिवस येतात आणि नेमकं दुकानात काम वाढतं. आई काही म्हणत नाही. ती काही म्हणत नाही हेच मला जास्त लागतं.

यंगसिम


माइन्झ, ३ मार्च १९९२

ताई,

पन्नास ग्यून ऐकून हाइनर म्हणाला, हा कुठला आकडा. त्याला समजावण्यात एक संध्याकाळ गेली. बरं वाटलं. घरात आपल्या बाजाराची भाषा फार दिवसांनी बोलली गेली.

मियोक आणू दे. मी उगाच नाही म्हणत होते. काल स्वप्नात त्याचा वास आला. थोडंच आणू दे, आणि तिच्या हातीच येऊ दे. पार्सल मात्र करू नकोस. मागच्या वेळचं पार्सल पुरे झालं.

आणि काय गं, मियोक जुलैत कापतात. ऐन पावसाळी उकाड्यात कोण लग्न करतं, की तुला लग्नाचे पोशाख शिवायला फुरसत मिळत नाही? मला फसवतेस ते ठीक, आईला कसं फसवशील? जाऊन ये एकदा.

माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टर खूश आहेत. काही काळजी करू नकोस.

मालसुक


सोल, ७ एप्रिल १९९२

मालसुक,

हे पत्र पोचेल तेव्हा आई तुझ्या घरात असेल. तिला वाचून दाखवू नकोस. का ते शेवटी कळेल.

काल सकाळी तिला घेऊन किम्पोच्या विमानतळावर गेले. एक दिवस आधी ती बोट, मग बस, मग रेल्वे असं करत माझ्याकडे आली होती. एक निळी पिशवी, माझ्या दुकानातल्या कपाटाएवढी, आणि वेगळं एक लांब बांधलेलं. बांबूच्या कामट्यांमध्ये मियोकचे दहा ताव, वरून पांढरं धुवट कापड, तीन ठिकाणी गवताची दोरी. उभं केलं की आईच्या खांद्याला लागतं. ते तिने रेल्वेत सगळी वाट मांडीशी उभं धरलं होतं. टेकायलासुद्धा कुणाला दिलं नाही.

पिशवी काट्यावर ठेवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, एकतीस किलो आहे. अकरा जास्त."

आई म्हणाली, "तुझा काटा खोटा आहे. मी पन्नास ग्यून मोजून आणलंय."

"कुठल्या ग्यूनने, आजी?"

आणि मी कपाळाला हात लावला. बाई गं, मांस आणि सुकी मिरची तोलतात तो ग्यून सहाशे ग्रॅमचा, आणि भाजीपाला तोलतात तो चारशेचा, हे आपण दोघी चालायला लागल्यापासून जाणतो. आईने हिशेब विचारला भाजीवालीला आणि सामान तोललं मिरचीवाल्याच्या काट्यावर. पन्नास ते पन्नासच, वरचा किलो नुसत्या पिशवीचा, वचन काही तिने मोडलं नाही. मागे रांगेत एक मनुष्य म्हणाला की ग्यून सहाशेचाच, दुसरा कुठला. त्याची बायको म्हणाली, तुम्ही कधी भाजी आणलीत का आयुष्यात. त्या दोघांचं तिथेच जुंपलं. आई त्यांना म्हणते, "तुम्ही आधी ठरवा, मी थांबते."

शेवटी पिशवी खाली जमिनीवर उघडली. मालसुक, मी तुला खरं लिहिणार आहे. शेजारच्या रांगेत एक सहलीचा गट होता, उंची कपडे, सारख्या बॅगा, त्यात माझ्या दोन गिऱ्हाइकिणी. आंबवणाच्या मडक्याचं फडकं सैल झालं आणि वास सुटला. मिरच्यांची माळ निघाली, कोळसा निघाला, गवताची दोरी निघाली. मुलगा झाला तर दाराच्या दोरीला मिरच्या, मुलगी झाली तर कोळसा, आणि आधी कळत नाही म्हणून दोन्ही. काउंटरवरची मुलगी ओठ चावून हसत होती. आणि मी दोन पावलं मागे सरकले. खांबावरचं वेळापत्रक वाचायला लागले. चाळीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या आईची ओळख नसल्यासारखी उभी राहिले.

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने आधी स्वतःचं सगळं बाहेर काढलं. बदलायचे कपडे, चपला, गुडघ्याला लावायचं औषध. तीन जॅकेटं अंगावर एकावर एक चढवली. मग मडकी बाजूला केली. मग मासळी. कोळसा आणि कापूस मात्र ठेवला. असं करत करत वीसवर आणलं, आणि कंबर सरळ करून त्या मुलीला म्हणाली, "बघ आता तुझं."

त्या मुलीने मग लांब बांधलेल्या मियोककडे बोट दाखवलं. "आजी, हे एवढं लांब पट्ट्यावर जाणार नाही. आत कशाखाली तरी येईल आणि मोडेल. मधोमध घडी घाला, पिशवीत बसेल."

एवढा वेळ काट्याशी भांडणारी आई दोन्ही हातांनी ते छातीशी धरून उभी राहिली.

मधोमध घडी घाला. हेच शब्द मी आधी ऐकले होते. तीन वर्षांपूर्वी आईने तुझ्यासाठी असंच मियोक माझ्याकडे पाठवलं होतं, तुला टपालाने धाड म्हणून. पोस्टातला माणूस म्हणाला, बाई, एवढं लांब पार्सल घेत नाही, मधोमध घडी घाला. दुकान उघडं टाकून आले होते, मागे माणसं खोळंबली होती. मी गुडघा टेकवला आणि घडी घातली. कर्र असा आवाज आला तो अजून ऐकू येतो. बाळंतिणीच्या मियोकला घडी घालत नाहीत, मोडत नाहीत, भाव करत नाहीत, नाहीतर बाळंतपण अडतं, हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? त्या बेटावर जन्मले मी. आणि तीन आठवड्यांनी तुझा फोन आला की बाळ गेलं.

हे मी आईला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. जुलैत मला काम नसतं, तू बरोबर ओळखलंस. मियोक कापताना आईच्या शेजारी बसायची माझी छाती होत नाही. आणि तू लिहिलंस की मागच्या वेळचं पार्सल पुरे झालं. म्हणजे तुला दिसली होती ती घडी. सगळं कळून तू तीन वर्षं मला चांगली पत्रं लिहीत राहिलीस.

तर काल मी खांब सोडला आणि काउंटरवर जाऊन उभी राहिले. आवाज कुठून आला कळत नाही. "त्याला घडी पडणार नाही," मी म्हटलं. "ते बाळंतिणीचं मियोक आहे. माझ्या आईने स्वतः खडक घासून, स्वतः कापून, स्वतः वाळवलेलं आहे. मडकी ठेवा, कपडे ठेवा, पाहिजे तर मला ठेवा. त्याला घडी पडणार नाही."

गिऱ्हाइकिणी वळून बघत होत्या. बघू देत. सगळी रांग शांत झाली. तो ग्यूनवाला मनुष्य पुढे आला आणि म्हणाला, बरोबर आहे, बाळंतिणीचं मियोक कुठे मोडतात का. त्याच्या बायकोने त्याला पहिल्यांदाच दुजोरा दिला. त्या मुलीचा चेहरा उतरला. म्हणाली, "ताई, मला वाटलं साधं आहे." तिने फोन उचलला. एक वयस्क अधिकारी बाई आल्या, कडक इस्त्रीच्या गणवेशात. त्यांनी कापडाची कड जरा बाजूला करून पाहिलं आणि आईला विचारलं, "कुठल्या बेटाचं?" आईने नाव सांगितलं. बाईंनी दोन्ही हात पुढे केले. "माझ्या थोरल्याच्या वेळी हेच खाल्लं होतं," म्हणाल्या. "विमानात कर्मचाऱ्यांचे कोट अडकवायचं कपाट आहे. तिथे उभं राहील. मी स्वतः सांगून येते."

आई काय म्हणाली असेल? आभार नाही, काही नाही. म्हणाली, "उलटं धरू नका. बुडखा खाली."

आणि गेली. तीन जॅकेटं, ताठ मान, पुढे ती अधिकारी बाई मियोक धरून आणि मागे आई. मिरवणूक निघाली होती. मला इतका अभिमान वाटला की मी तिथेच मडक्यांच्या ढिगात बसून रडले. आता माझ्या घरात अकरा किलो आंबवणाचा वास आहे आणि नवरा खिडकीत बसून जेवतो.

मालसुक, त्या घडीबद्दल काय ते लिही. काहीही लिही. पण या वेळी लपवू नकोस.

यंगसिम


माइन्झ, २ मे १९९२

ताई,

मुलगी झाली. २४ एप्रिलला सकाळी नऊ वाजता. तीन किलो शंभर ग्रॅम. आईने विचारलं, ग्यून किती? मी म्हटलं, कुठल्या ग्यूनने सांगू? "मांसाच्या. ती काय भाजी आहे का?" म्हणाली. पाच ग्यूनहून जास्त भरली. आई आता रुग्णालयात येईल त्या प्रत्येकाला हा आकडा सांगते.

मी तुला लिहिलं होतं की डॉक्टर खूश आहेत. खूश नव्हते. माझं वय, मागचं सगळं, म्हणून पोट कापायचं फेब्रुवारीतच ठरलं होतं. आईला शेवटच्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मियोक तर सरळ आणलं, मग कापायचं कशाला?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "बाळाला तोच सरळ रस्ता म्हणून असेल." पाच तास बाहेरच्या बाकावर पाठ न टेकता बसली होती, असं हाइनर सांगतो.

फ्रँकफर्टला ती दारातून बाहेर आली तेव्हा घामाने चिंब होती आणि मियोक उभं धरलेलं होतं. हाइनरने नमस्कार करून हात पुढे केला, तर तिने त्याच्या हातात तेच दिलं. आमची गाडी लहान. त्याने काही न विचारता पुढची सीट आडवी केली, मियोक निजवलं, आणि नऊ महिन्यांची मी आईला चिकटून मागे कोंबून बसले. घरी येईपर्यंत तो खड्डे चुकवत चालवत होता. आई माझ्या कानात म्हणाली, "दाढी लाल आहे, पण माणूस बरा दिसतो."

आता तुझं. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून उत्तर डोक्यात लिहिते आहे.

पार्सल पुरे झालं असं मी म्हटलं, कारण त्या वेळी कस्टमच्या माणसाने मला दीड तास बसवून ठेवलं होतं. हे काय आहे, हे ओढतात का, याची पूड करतात का. मी म्हणत होते, याचं सूप करतात, आणि त्याचा विश्वास बसत नव्हता. एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता. तू त्याच्यावर महिनाभर झोप घालवलीस.

आणि घडी. हो, दिसली. दिसली तेव्हा मी रुग्णालयातून रिकाम्या हातांनी परत आले होते. ताई, तुम्हाला दोघींना मी हे कधी लिहिलं नाही. तू पोस्टात जायच्या एक महिना आधी, ऑक्टोबरच्या तपासणीत, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की बाळ वाढत नाही. मी स्वतः नर्स, मला त्या कागदावरचे आकडे वाचता येत होते. कळवलं नाही. लिहिलं तर खरं होईल असं वाटत राहिलं. आई तिकडे मियोक बांधत होती, तू पोस्टात निघाली होतीस, आणि मला इथे सगळं ठाऊक होतं. तुझ्या तीन वर्षांना मी जबाबदार आहे. माफ कर.

तुझ्या त्या मियोकचं काय झालं तेही ऐक. घरी मी एकटी होते. हाइनर कामावर जायचा. अन्न पाहिलं की उलटी व्हायची. मग एक दिवस पार्सल उघडलं, एक तुकडा कापला आणि भिजत घातला. घडी पडलेलं मियोक पाण्यात पडलं की सरळच होतं, ताई. तासाभराने ते भांडंभर पसरलं होतं, नुकतं खडकावरून काढल्यासारखं. त्याचं सूप केलं आणि प्यायले. बाळ नव्हतं, तरी बाळंतीण तर मी होतेच. एकवीस दिवस प्यायले. पोटात राहायचं ते तेवढंच. त्यावर मी उठले, नोकरीवर गेले, आज ही मुलगी कुशीत घेऊन तुला लिहिते आहे. त्याला तू नावं ठेवू नकोस.

आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझं तू सांग. ती वाचते हळू, पण वाचते.

मालसुक


सोल, १२ मे १९९२

आई,

मालसुककडे तू बरी आहेस ना? नातीला सांभाळ, स्वतःचे गुडघेही सांभाळ.

मला तुला एक सांगायचं आहे. तीन वर्षांपूर्वी मालसुकला धाडायला तू दिलेलं मियोक मी पोस्टात घडी घालून पाठवलं. लांब होतं म्हणून. मालसुक म्हणते की बाळ त्याच्यामुळे गेलं नाही, आधीपासूनच तसं होतं. ती खरं बोलते आहे. पण मी घडी घातली आणि तुझ्यापासून लपवलं. म्हणून उन्हाळ्यात बेटावर येत नव्हते. दुकानाचं काम हे खोटं होतं.

तू जे बोलशील ते ऐकून घेईन.

यंगसिम


माइन्झ, १ जून १९९२

यंगसिम,

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, मालसुकला दिलं नाही. दोन दिवस लागले. तू अक्षर फार बारीक काढतेस.

घडी पडली होती हे मला माहीत नव्हतं. कळल्यावर वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. त्या दुपारी जेवले नाही. मग बाळाची दुपटी धुवायला घेतली आणि धुता धुता विचार केला.

तुझ्या जन्माचं तुला कुणी सांगितलेलं नाही. तुझा बाप बोटीवर होता. त्या वर्षीचं सगळं अखंड मियोक व्यापारी घेऊन गेला होता. अखंड असेल ते विकायचं, तुटकं असेल ते घरात, बेटावर सगळ्यांकडे हेच. माझ्या सासूने टोपल्यांच्या तळाचा चुरा मुठीमुठीने गोळा केला आणि त्याचं सूप मला एकवीस दिवस पाजलं. मालसुकच्या वेळीही चुराच होता. लोकांच्या लेकींना अखंड दिलं आणि माझ्या दोघी चुऱ्यावर वाढल्या. म्हणून मला एकदा तरी माझ्या लेकीला अखंड द्यायचं होतं. ते दिलं. पण चुऱ्यावर वाढूनही तू अशी ताठ उभी राहिलीस की सगळी रांग गप्प झाली. मग एका घडीचं काय घेऊन बसलीस?

मला वेगळंच वाटत होतं. तुझ्या दुकानात मी आले होते तेव्हा तू खिडक्या उघडल्या होत्यास. त्यानंतर तीन उन्हाळे तू आली नाहीस. मी म्हटलं, पोरीला माझी लाज वाटते. माझ्या हातांची, वासाची. वाटणारच, म्हटलं, ती राजधानीत नवऱ्या मुलींना सजवते. शेजारणींना मीच सांगायचे की दुकान जोरात चालतं, तिला वेळ नाही. विमानतळावर तू मागे सरकलीस ते मी पाहिलं होतं. नंतर तू पुढे आलीस तेही पाहिलं. विमानात बारा तास मी दुसरं काहीच आठवत नव्हते. शेजारच्या सीटवरचा एक पोरगा मला पुन्हा पुन्हा पाणी आणून देत होता, म्हातारी रडते म्हणून.

मी वीस तारखेला परत निघते. सामान इथल्या काट्यावर दोनदा तोललं. चौदा किलो आहे. जुलैच्या दुसऱ्या मोठ्या ओहोटीला मियोक कापायचं आहे. आमच्या घरून या वर्षी दोन जणी येतील असं मी गावप्रमुखाला कळवून टाकलंय, आता मला खाली बघायला लावू नकोस. जुने मोजे आण, खडकावर पाय सरकत नाहीत.

इथे रुग्णालयातल्या नर्स आणि जावई, सगळे मला पासपोर्टवरचं नाव घेऊन हाक मारतात. मला ऐकूच येत नाही. चाळीस वर्षांत त्या नावाने कुणी बोलावलेलं नाही. खडकावर, बाजारात, गावप्रमुखाच्या भोंग्यावर मी यंगसिमची आई आहे. ते नाव मी मिरवते, तुला कधी सांगितलं नाही एवढंच. जावयाला आठ दिवस समोर बसवून ते शिकवलं. त्याची जीभ वळत नाही, पण काल सकाळी चहाचा पेला पुढे ठेवून तो एकदम बरोबर म्हणाला.

यंगसिमची आई